घट

भांडी झाली की मी ओटा दोनदा पुसते,
एकदा सवयीनं, एकदा चित्रासाठी.
खालून शेवटची केएमटी
खड्ड्यात दचकून पुढं जाते,
बरणीतले ब्रश एकमेकांना लागतात.

दिवसा मी शाहूपुरीत, गुळाच्या अडतीत.
रव्यांची वजनं लिहिते. हमाली वेगळी, तोलाई वेगळी.
अंकाखाली अंक, बावीस वर्षं.
निघताना पिशवीत टाकते
रव्यावरचं फाटकं फडकं. त्याच्या विणीत
गूळ असा बसलेला असतो
की तिसऱ्या पाण्यालाही रंग येतो.

तातोबा हमालानं विचारलं, "काय करतासा ओ ह्येचं?"
चिकटवते, म्हटलं.
"कशाला?"
ह्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.
तो मात्र दुसऱ्या दिवसापासनं
बरी फडकी बाजूला काढून ठेवायला लागला.

चप्पल लाईनीत इंदाबाई मूठभर कातरण देते,
वेणीची टोकं, अंगठ्यांचे गोल.
तेल प्यालेलं कातडं रंग धरत नाही.
तीन रविवार गेले हे कळायला.
भाऊ उद्यमनगरातनं लेथखालचा बर आणतो,
निळसर, कुरळा. त्याच्यावर मिठाचं पाणी मारून
बाल्कनीत झाकून ठेवलं,
तर चौथ्या दिवशी फरशीला असा डाग पडला
की घरमालकांना चहाला बोलवायचं बंद केलं.
डाग सुंदर आहे. तो मी कुणाला सांगितलेला नाही.

फेविकॉल जास्त झालं की कागद पापडासारखा उठतो.
कमी झालं की रात्री भिंतीवरनं
काहीतरी पडल्याचा आवाज येतो
आणि नवरा झोपेतच म्हणतो, "चप्पल का लोखंड?"

शाहू स्मारकात कुणाचं प्रदर्शन असलं
तर मी चित्राच्या फार जवळ जाते,
कडेनं डिंक दिसतो का बघते.
वहीत लोक लिहितात: अप्रतिम, नाद खुळा.
मी नुसतं नाव लिहिते. पत्ता लिहीत नाही.

मग एकदा मला एक तपकिरी हवा होता,
आतनं उजेड असलेला.
ट्यूबमधला मातीसारखा बसायचा.
म्हणून फडकं ताणलं फळीवर,
कातडं शिवलं, गंज चोळला,
आणि सगळ्यावरनं एक पळी काकवी
रुंद ब्रशनं, एकाच दिशेनं.
दिव्याखाली असं दिसलं, की मी ब्रश धुवायचा विसरले.

सकाळी नवरा दात घासत आला.
"तुझं चित्र चालायला लागलंय."

खिडकीच्या फटीतनं, फ्रीजच्या मागनं,
स्विचबोर्डाला वळसा घालून
लाल मुंग्यांची रांग थेट मधोमध.
ऋजुतानं मुंग्यांचा खडू आणून दिला.
मी गुडघ्यावर बसले, भिंतीला टेकवला,
आणि हात तिथंच राहिला.
इतकी सरळ रेघ मला कधी जमली नव्हती,
आणि ही तर सरळही नव्हती.

पाच दिवस फ्रीज पुढं ओढून ठेवला.
ऋजुता मैत्रिणींना घरी आणेना.
मुंग्यांनी सगळं खाल्लं नाही.
जिथं डिंक मिसळला होता ते सोडलं,
गंजाच्या कडेकडेनं गेल्या,
कातड्यावरची मात्र चाटून पुसून नेली.
मध्ये उघडं पडलेलं सूत,
त्यात वाटा. एक वाट कुठंच जात नाही,
मध्येच थांबते. तिथं काय झालं असेल
त्याचा मी भाजी चिरताना विचार करते.

सहाव्या दिवशी रांग संपली.
फळी उतरवली, मागची बाजू पुसली,
आणि हाताला जे लिहायची सवय आहे ते लिहिलं:

फडकं एक. कातरण नऊ नग.
बर चिमूटभर. काकवी एक पळी.
घट: मुंग्या.

सहीची जागा मोकळी सोडली.
तातोबाला उद्या दाखवायला न्यावं म्हणते,
पण रिक्षानं. बसमध्ये लोक विचारतात.